को-ऑपची पात्रता: जीपीए ३.७ असूनही ‘नाही’ का?

इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ कळावा म्हणून आधी तुमचा प्रश्न थोडक्यात मांडतो. तुम्ही कोल्हापुरातून मेकॅनिकलची बीई करून सप्टेंबरात बॉस्टनजवळच्या एका विद्यापीठात एमएसला आलात. पहिलं सेमिस्टर नुकतंच संपलं, जीपीए ३.७ आला. एका कंपनीने जानेवारीपासून सहा महिन्यांचं को-ऑप, म्हणजे अभ्यासक्रमाचा भाग म्हणून कंपनीत करायचं काम, देऊ केलंय. पण आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाने ‘तुम्ही अजून पात्र नाही’ असं एका ओळीत कळवलं. तुमच्याच विभागातल्या रूममेटला मात्र, तुमच्यापेक्षा कमी जीपीए असूनही, जानेवारीची परवानगी मिळाली. तुम्ही विचारताय ते असं: हा अन्याय नाही का? ‘पहिल्या दिवसापासून सीपीटी’, म्हणजे कामाची परवानगी, देणाऱ्या दुसऱ्या कॉलेजात बदली घ्यावी का? आणि मॅनेजर म्हणतोय तसं परवानगी मिळेपर्यंत बिनपगारी काम सुरू करावं का?

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर तातडीचं आहे म्हणून ते आधी देतो. करू नका. एक दिवससुद्धा नको. त्यामागची कारणं पुढे येतीलच, पण हे उत्तर वाचून संपायच्या आत तुम्ही मॅनेजरला होकार कळवून बसू नये, म्हणून इथेच सांगितलं.

मी अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या एका विद्यापीठात को-ऑप सल्लागार आहे. त्याआधी आंतरराष्ट्रीय विद्यार्थ्यांच्या कार्यालयात काम केलं. त्यामुळे टेबलाच्या दोन्ही बाजूंचे कागद माझ्या हाताखालून गेले आहेत. तुमच्यासारखा विद्यार्थी समोर बसला की त्याची समजूत बहुधा अशी असते की पात्रता म्हणजे एक परीक्षा, आणि चांगले मार्क पडले की ती पास. इथेच घोळ होतो. को-ऑपला तीन वेगवेगळे लोक ‘हो’ म्हणावे लागतात, तिघांचे निकष वेगळे आहेत, आणि एकाचा ‘हो’ दुसऱ्यावर बंधनकारक नाही. विद्यापीठाचा को-ऑप विभाग तुमचा अभ्यास पाहतो. आंतरराष्ट्रीय कार्यालय तुमचा एफ-१, म्हणजे विद्यार्थी व्हिसाचा, दर्जा पाहतं. कंपनी तिच्या गरजा आणि तिच्यावरची कायदेशीर बंधनं पाहते. तुमच्याकडे पहिला ‘हो’ जवळजवळ आहे, तिसरा तर हातात आहे. अडलंय ते फक्त दुसऱ्यावर, आणि तिथे जीपीएला काहीच किंमत नाही. तिथे किंमत आहे ती काळाला.

हा नियम असा का, हे कळलं की राग थोडा शांत होईल. शिक्षण आणि कारखान्यातलं काम आलटून पालटून करण्याची ही पद्धत अमेरिकेत १९०६ मध्ये सिनसिनाटी विद्यापीठात हर्मन श्नायडर यांनी सुरू केली. इंजिनिअरिंगच्या मुलांनी काही काळ वर्गात बसायचं, काही काळ शॉपफ्लोअरवर काम करायचं, आणि दोन्ही मिळून पदवी. बॉस्टनच्या नॉर्थईस्टर्नने १९०९ मध्ये आणि फिलाडेल्फियाच्या ड्रेक्सेलने १९१९ मध्ये तीच वाट धरली. पुणे विद्यापीठातली जुनी ‘प्रॉडक्शन सँडविच’ शाखा आठवत असेल तर कल्पना लगेच लक्षात येईल: तिथलं इनप्लांट ट्रेनिंग ही नोकरी नसायची, तो अभ्यासक्रमाचाच तुकडा असायचा. अमेरिकेचा व्हिसाचा कायदा को-ऑपकडे नेमका असाच बघतो. एफ-१ वर तुम्ही शिकायला आला आहात, कमवायला नाही. कॅम्पसबाहेरचं काम अभ्यासक्रमाचा अविभाज्य भाग असेल तरच ते चालतं. त्या परवानगीचं नाव सीपीटी, म्हणजे अभ्यासक्रमांतर्गत प्रत्यक्ष प्रशिक्षण. कायद्याने त्यात इंटर्नशिप, प्रॅक्टिकम आणि को-ऑप या तिन्हींचा नावाने उल्लेख केलाय.

आता तुमची नेमकी अडचण. सीपीटीसाठी मूळ अट अशी की विद्यार्थ्याने एक पूर्ण शैक्षणिक वर्ष पूर्णवेळ, कायदेशीरपणे शिक्षण घेतलेलं असावं. शैक्षणिक वर्ष म्हणजे साधारणपणे दोन सेमिस्टरं. तुमचं एकच झालंय. तुम्हाला चारपैकी चार जीपीए असता तरी उत्तर हेच आलं असतं. दुसरं सेमिस्टर संपेल तेव्हा, म्हणजे एप्रिलअखेरीस किंवा मेच्या सुरुवातीला, ही अट आपोआप पूर्ण होईल.

रूममेटचं कोडंही इथेच सुटतं. मला त्याचे कागद दिसत नाहीत, पण शक्यता मोजक्या आहेत. बहुधा तो मागच्या जानेवारीत दाखल झाला असेल. तसं असेल तर त्याचं एक स्प्रिंग (जानेवारी ते मे) आणि एक फॉल (सप्टेंबर ते डिसेंबर) अशी दोन सेमिस्टरं भरली, मधल्या उन्हाळ्याच्या सुट्टीने खंड पडत नाही, आणि तो या जानेवारीला पात्र ठरला. किंवा त्याने बॅचलर्स अमेरिकेतच केलं असेल आणि एफ-१ मध्ये खंड न पडता पुढे आला असेल. आधीच्या शिक्षणाचा काळ धरायचा की नाही, याबाबत विद्यापीठांची पद्धत थोडी वेगवेगळी असते, पण अनेक ठिकाणी तो धरतात. किंवा त्याच्याकडे ग्रीनकार्ड असेल, मग हा सगळा प्रकारच त्याला लागू नाही. त्याला सरळ विचारा, ‘तू कधीच्या इनटेकचा?’ नव्वद टक्के शंका तिथल्या तिथे मिटतात आणि त्याच्याबद्दलची अढीही मनात राहत नाही.

एक अपवाद आहे, आणि तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं मूळ त्यात आहे. पदव्युत्तर अभ्यासक्रमाची रचनाच अशी असेल की त्यातल्या विद्यार्थ्यांना सुरुवातीपासून प्रत्यक्ष काम करणं सक्तीचं आहे, तर वर्षभर थांबण्याची अट लागू होत नाही. समाजकार्य किंवा समुपदेशनासारख्या विषयांत पहिल्याच सेमिस्टरपासून ठरावीक तास फिल्डवर काढावे लागतात. अपवाद मुळात अशांसाठी आहे, आणि तो फक्त पदव्युत्तर विद्यार्थ्यांनाच आहे. बॅचलर्सला आलेल्या मुलांना तो मिळत नाही. इंग्रजी भाषेच्या तयारीच्या कोर्सला असलेल्यांना तर सीपीटीच नाही.

याच अपवादावर काही कॉलेजांनी आपला धंदा उभा केलाय. प्रवेश घ्या, पहिल्या दिवसापासून पूर्णवेळ नोकरी करा, महिन्यातून एखादा शनिवार-रविवार वर्गाला या. यातली सगळी कॉलेजं बेकायदेशीर आहेत असं मी म्हणणार नाही. काहींना रीतसर मान्यता आहे, आणि काहींचे अभ्यासक्रम खरोखर चांगले आहेत. एच-१बी या नोकरीच्या व्हिसाच्या लॉटरीत नाव न लागलेले अनुभवी लोक सगळं समजून-उमजून तिकडे जातात, तो वेगळा विषय. पण तुम्ही पहिल्या वर्षाला आहात. हातात चांगल्या विद्यापीठातली जागा आहे, आणि ती सोडून एका सहा महिन्यांच्या को-ऑपसाठी तिकडे जायचा विचार करताय. याला माझा स्पष्ट विरोध आहे, आणि त्याचं कारण आजचं नसून चार-पाच वर्षांनंतरचं आहे.

उद्या कंपनी तुमच्यासाठी एच-१बीचा अर्ज करेल तेव्हा इमिग्रेशन खातं मागचा सगळा इतिहास काढून बघू शकतं. त्या वेळी अशा कॉलेजातून काढलेल्या सीपीटीवर हमखास प्रश्न येतात: हे काम तुमच्या अभ्यासक्रमाचा खरोखर भाग होतं का? तुम्ही वर्गात जात होतात का? ते सिद्ध करायची जबाबदारी तुमच्यावर असते. हजेरी, असाइनमेंट, विमानाची तिकिटं, प्राध्यापकांशी झालेले ईमेल, सगळं हुडकत बसावं लागतं. समाधान झालं नाही, तर तुम्ही एफ-१ दर्जा राखला नाही असा निष्कर्ष काढून देशातल्या देशात दर्जा बदलायला नकार देता येतो. कॉलेजच खोटं निघालं, तर काय होतं याची उदाहरणं तर आपल्याच मुलांची आहेत. कॅलिफोर्नियातलं ट्राय-व्हॅली विद्यापीठ २०११ मध्ये बंद पाडलं गेलं तेव्हा त्यात भरडले गेलेले बहुसंख्य विद्यार्थी भारतीय होते. मिशिगनमधलं फार्मिंग्टन विद्यापीठ तर सरकारी खात्यानेच सापळा म्हणून उभं केलेलं होतं. २०१९ मध्ये ते उघड झालं तेव्हा ताब्यात घेतलेल्या विद्यार्थ्यांत जवळपास सगळे भारतीय निघाले. ही दोन्ही टोकाची प्रकरणं आहेत, तुम्ही म्हणताय ते कॉलेज तसं आहे असं मी सुचवत नाही. पण ज्या कॉलेजाच्या जाहिरातीत अभ्यासक्रमाआधी कामाची परवानगी येते, तिथे सावध व्हावं एवढा धडा त्यांतून घ्यायला हरकत नाही.

आता विद्यापीठाच्या को-ऑप विभागाच्या अटी. या कायद्यातून आलेल्या नाहीत, प्रत्येक विद्यापीठ आणि कधीकधी प्रत्येक विभाग त्या ठरवतो. म्हणून इथे मी ठाम आकडे देत नाही, सर्वसाधारण चित्र सांगतो. पदव्युत्तर विद्यार्थ्याला बहुतेक ठिकाणी किमान ३.० जीपीए लागतो. अपूर्ण ग्रेड शिल्लक नसावी. फी थकलेली नसावी, कारण थकबाकी असली की रजिस्ट्रेशनच अडतं, आणि को-ऑपच्या कोर्सला नाव नोंदवल्याशिवाय सीपीटी पुढे सरकत नाही. बऱ्याच विद्यापीठांत को-ऑपपूर्वी एक तयारीचा कोर्स करावा लागतो. त्यात रेझ्युमे, मुलाखतीचा सराव, कामाच्या ठिकाणचे रीतिरिवाज वगैरे असतं. मुलं याला वेळेचा अपव्यय समजतात आणि पुढच्या सेमिस्टरवर ढकलतात. मग मेमध्ये व्हिसाच्या बाजूने पात्र झालेला विद्यार्थी या एका क्रेडिटच्या कोर्सपायी अडून बसतो. तुमच्याकडे तो आहे का, आणि झालाय का, हे आजच तपासा. स्प्रिंगला घेता येत असेल तर घेऊन टाका.

एका गोष्टीवर मला जास्त बोलायचंय, कारण हुशार मुलंच तिथे फसतात. को-ऑप हा अभ्यासाचा भाग, म्हणजे अभ्यास शिल्लक असला पाहिजे. समजा तुमचं एमएस ३२ क्रेडिटचं आहे आणि दर सेमिस्टरला आठ क्रेडिट. स्प्रिंगनंतर सोळा होतील, सोळा उरतील, उत्तम. पण ‘को-ऑपआधी सगळे विषय उरकून टाकू, मग निवांत नोकरी करू’ म्हणून कोणी जादा विषय घेतले, उन्हाळ्यातही दोन घेतले आणि ३२ पूर्ण केले, तर अभ्यासक्रम संपला. अभ्यासक्रम संपला की सीपीटीही संपली, पुढचा रस्ता फक्त ओपीटीचा, म्हणजे पदवीनंतरच्या कामाच्या परवानगीचा. पुष्कळ विद्यापीठं तर को-ऑपनंतर एक सेमिस्टर वर्गात परत येण्याची अटच घालतात. म्हणून क्रेडिटचा आराखडा कागदावर मांडा: कोणत्या सेमिस्टरला किती, को-ऑप कुठे, परत आल्यावर काय उरतं. तो ॲकॅडमिक ॲडव्हायजरला दाखवून त्यांच्याकडून ईमेलवर ‘ठीक आहे’ घ्या. तोंडी होकारावर विसंबू नका. ॲडव्हायजर बदलतात, ईमेल राहतो.

दुसरं, काम तुमच्या विषयाशी जोडलेलं हवं. मेकॅनिकलचा विद्यार्थी डिझाइन, सिम्युलेशन, उत्पादन, गुणवत्ता नियंत्रण, अगदी यंत्रांच्या डेटाचं विश्लेषण यांपैकी काहीही करत असेल तर प्रश्न येत नाही. पण ऑफर लेटरमध्ये नुसतं ‘सॉफ्टवेअर इंटर्न’ लिहिलं असेल आणि कामाचं वर्णन नसेल, तर कार्यालय परत पाठवणार आणि तुमचे दोन आठवडे जाणार. कंपनीला सांगा की पत्र लेटरहेडवर हवं. त्यात पदाचं नाव, कामाचं तीन-चार ओळींचं वर्णन, प्रत्यक्ष कामाच्या जागेचा पत्ता, सुरुवातीची तारीख, शेवटची तारीख आणि आठवड्याचे तास हे सगळं हवं. ‘जूनपासून पुढे’ अशी उघडी तारीख चालत नाही. सीपीटी ठरावीक कंपनीसाठी आणि ठरावीक मुदतीसाठीच मिळते.

आठवड्याच्या तासांचा मुद्दा किरकोळ वाटतो, पण तुमच्या पुढच्या तीन वर्षांचा हिशोब त्यावर आहे. आठवड्याला २० तास किंवा कमी म्हणजे अर्धवेळ सीपीटी, त्याहून जास्त म्हणजे पूर्णवेळ. एकाच पदवीच्या पातळीवर पूर्णवेळ सीपीटी बारा महिने किंवा त्याहून अधिक झाली, की त्या पातळीवरची ओपीटी गमावली. ओपीटी म्हणजे पदवीनंतर बारा महिने काम करायची मुभा. तुमचा विषय स्टेम (विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी, गणित) यादीत असल्यामुळे तिच्यावर आणखी २४ महिने मिळू शकतात. पण तो वाढीव काळ ओपीटीवरच उभा आहे. पायाच गेला तर वरचा मजलाही गेला, म्हणजे एकूण ३६ महिने. आता समजा १ जुलै ते ३१ डिसेंबर असं एक को-ऑप केलं. काम आवडलं, कंपनीने १ जानेवारी ते ३० जून वाढवून दिलं. पहिल्याचे १८४ दिवस, दुसऱ्याचे १८१, बेरीज ३६५. वर्ष भरलं. ही बेरीज मी विद्यार्थ्यांना समोर बसवून कॅलेंडरवर करायला लावतो, कारण ‘सहा-सहा महिने’ असं तोंडाने म्हणताना कुणालाच त्यात धोका दिसत नाही. एकाच को-ऑपपुरता तुम्हाला प्रश्न नाही. दुसऱ्याचा विषय निघेल तेव्हा दिवस मोजा आणि बारा महिन्यांच्या बरंच अलीकडे थांबा.

परवानगी मिळाली हे ओळखायचं कसं, हेही सांगतो, कारण इथे गैरसमज फार आहेत. को-ऑप विभागाचा पोर्टलवरचा हिरवा शिक्का म्हणजे परवानगी नव्हे. कंपनीचं ऑफर लेटर म्हणजे परवानगी नव्हे. आंतरराष्ट्रीय कार्यालयातले अधिकारी, ज्यांना सगळे डीएसओ म्हणतात, ते सेव्हिस या सरकारी प्रणालीत नोंद करतात आणि तुम्हाला नवा आय-२०, म्हणजे विद्यापीठ देतं ते एफ-१ विद्यार्थ्याचं प्रमाणपत्र, मिळतो. त्याचं दुसरं पान उघडा. तिथे कामाच्या परवानगीच्या रकान्यात सीपीटी असा प्रकार, पूर्णवेळ की अर्धवेळ, कंपनीचं नाव आणि दोन तारखा छापलेल्या असतात. त्यांतली पहिली तारीख उजाडेपर्यंत तुम्ही काम करू शकत नाही. ट्रेनिंगचे व्हिडिओ पाहणं, ऑनबोर्डिंगच्या कॉलवर बसणं, लॅपटॉप घेऊन ‘जरा सेटअप करून ठेवतो’ म्हणणं, हेही त्यात आलं. दुसरी तारीख मावळली की थांबायचं. कंपनीला आणखी दोन आठवडे हवे असतील तर मुदत संपण्याआधी नवी नोंद, नवा आय-२०, मग काम. कंपनीचं नाव, पत्ता, तारखा यांत एक अक्षर चुकलं असेल तरी त्याच दिवशी कार्यालयाला कळवा. दुरुस्ती कामाच्या आधी सोपी असते, नंतर फार कठीण.

यासाठी इमिग्रेशन खात्याकडे वेगळा अर्ज नाही, फी नाही, वेगळं कार्ड नाही. ही सीपीटीची मोठी सोय आहे आणि कंपन्यांनाही ती बऱ्याचदा ठाऊक नसते. लहान कंपन्यांचे एचआरवाले ‘स्पॉन्सरशिप’ या नावानेच बिचकतात. त्यांना शांतपणे सांगा की को-ऑपसाठी कंपनीला कुठलीही याचिका करावी लागत नाही. पासपोर्ट, आय-९४ (देशात प्रवेश केल्याची नोंद) आणि सीपीटीची नोंद असलेला आय-२०, एवढ्यावर त्यांचा आय-९, म्हणजे कामाचा हक्क तपासल्याचा फॉर्म, भरून होतो. तो कामाला लागल्यापासून कामाचे तीन दिवस उलटायच्या आत पूर्ण व्हावा लागतो. ऑनलाइन अर्जात ‘आता किंवा पुढे स्पॉन्सरशिप लागेल का’ असा प्रश्न असतो. तिथे खरं तेच लिहा: आत्ता नाही, पुढे कायम नोकरीसाठी लागू शकेल. आत्ता खोटं लिहून पुढे त्याच कंपनीत कायम व्हायचं ठरलं तर अडचणीत याल. संरक्षण क्षेत्रातल्या काही कामांना नागरिकत्व किंवा ग्रीनकार्ड लागतं. मेकॅनिकलवाल्यांना एरोस्पेसमध्ये हे वारंवार भेटतं. तिथे तुमच्या गुणवत्तेचा प्रश्नच नाही, निर्यात-नियंत्रणाचे कायदे आहेत. अशा जागांवर मुलाखतीची तयारी करत आठवडे घालवू नका. जाहिरातीतल्या तळाच्या ओळी आधी वाचा.

सोशल सिक्युरिटी क्रमांक नसेल तर आय-२० आल्यावर अर्ज करा. कामाची तारीख ३० दिवसांच्या आत आली असेल तेव्हाच तो अर्ज पुढे जातो. त्याआधी गेलात तर परत पाठवतील.

आता बिनपगारी कामाबद्दल. मॅनेजरचा हेतू वाईट नसेल. त्याला तुम्ही हवे आहात आणि नियम माहीत नाहीत, एवढंच. ‘पगार नाही म्हणजे नोकरी नाही, नोकरी नाही म्हणजे परवानगी कशाला’ हा युक्तिवाद ऐकायला गोड आहे, पण टिकत नाही. नफ्यासाठी चालणाऱ्या कंपनीत, जे काम एरवी पगार देऊन करून घेतात ते फुकट करणं ही स्वयंसेवा धरली जात नाही. ती देवळातली किंवा अन्नछत्रातली सेवा नव्हे. ते विनापरवाना काम ठरलं तर तुमचा सेव्हिस रेकॉर्ड रद्द होऊ शकतो. एफ-१ दर्जा गमावल्यावर तो पुन्हा मिळवायचा एक मार्ग असतो, पण विनापरवाना काम केलेल्याला तो मार्गही बंद आहे. एका सेमिस्टरच्या घाईसाठी आईवडिलांनी काढलेलं शैक्षणिक कर्ज आणि दोन वर्षांची मेहनत पणाला लावायची का, याचा विचार करा. काम करून नंतर लपवता येईल असंही मनात आणू नका. लिंक्डइनवर तारखा राहतात, ईमेल राहतात, गेटवर स्वाइप केलेल्या कार्डाची नोंद राहते.

मग जानेवारी ते मे काय करायचं? कॅम्पसवर काम करा. त्याला सीपीटी लागत नाही, सेमिस्टर चालू असताना आठवड्याला २० तासांपर्यंत चालतं, आणि एक वर्षाची अटही नाही. मेकॅनिकलच्या मुलाने कॅन्टीनच्या काउंटरवरच उभं राहिलं पाहिजे असं नाही. प्रयोगशाळांत प्रोफेसरांना टेस्ट रिग चालवायला, डेटा साफ करायला, थ्रीडी प्रिंटर सांभाळायला माणसं लागतात. ज्या दोन-तीन प्रोफेसरांचं काम तुम्हाला आवडलं, त्यांना सेमिस्टर सुरू होण्याच्या आधीच्या आठवड्यात लिहा. उन्हाळ्यातल्या को-ऑपच्या मुलाखतीत या अनुभवाला वजन असतं, ग्रेडपेक्षा जास्त.

आणि हातातली ऑफर? ती गेलीच असं धरून चालू नका. को-ऑप घेणाऱ्या कंपन्यांना वर्षात दोनदा विद्यार्थी लागतात, कारण एक तुकडी गेली की दुसरी लागते. तुमच्या मॅनेजरला आज-उद्यात असं लिहा, तुमच्या शब्दांत: मला हे काम मनापासून करायचंय. विद्यापीठाच्या नियमाप्रमाणे मी मेमध्ये दुसरं सेमिस्टर संपल्यावरच कामाच्या परवानगीला पात्र होतो, त्याआधी पगारी किंवा बिनपगारी कोणत्याही स्वरूपात सुरुवात करू शकत नाही. जून किंवा जुलैपासून सहा महिन्यांच्या तुकडीत मला घेता येईल का? परवानगीसाठी कंपनीला फी किंवा याचिका लागत नाही, फक्त तारखांसह ऑफर लेटर लागतं. एवढंच, लांबण लावू नका आणि माफीही मागू नका. मी पाहिलंय ते असं की निम्म्या वेळा कंपनी तारीख पुढे ढकलते. उरलेल्या वेळी जागा जाते, पण मॅनेजर तुमचं नाव लक्षात ठेवतो, आणि मार्चमध्ये पुढच्या तुकडीची जाहिरात निघते तेव्हा तुम्ही अनोळखी नसता.

पुढचा क्रम असा धरा. या आठवड्यात मॅनेजरला ईमेल. नाताळाच्या सुट्टीत कार्यालयं बंद असतात, म्हणून त्याआधी डीएसओला एकच प्रश्न विचारा: ‘माझं एक शैक्षणिक वर्ष नेमकं कोणत्या तारखेला पूर्ण होतं, आणि सीपीटीची सगळ्यात लवकरची तारीख कोणती?’ विद्यापीठ ही तारीख कशी मोजतं ते त्यांनाच विचारावं लागतं, आणि त्यांचं लेखी उत्तर हेच तुमच्यासाठी अंतिम, माझं नव्हे. जानेवारीत तयारीचा कोर्स आणि क्रेडिटचा आराखडा. फेब्रुवारीपासून अर्ज, मग ही ऑफर टिकलेली असो वा नसो. ऑफर लेटर हातात पडलं की सीपीटीचा अर्ज किमान तीन-चार आठवडे आधी. मेच्या सुरुवातीला सगळ्या विद्यापीठाचे अर्ज एकदम येतात आणि कार्यालयात रांग लागते.

डीएसओचं उत्तर आलं की इथेच खाली लिहा. त्यांनी दिलेली तारीख आणि कंपनीची जूनची तारीख जुळत नसेल, तर सुरुवात एक-दोन आठवड्यांनी कशी सरकवायची ते त्या तारखा समोर ठेवून बघू.